अर्धा फेरा

पुस्तक म्हणतं, हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी काढा.
जाकिटात राहिलेलं पाणी गोठतं, फुगतं,
लोखंड पिकल्या काकडीसारखं उकलतं.
मी मराठी करून, ओरडून वाचलं.
डोमाकाका नावेच्या पोटात वाकलेला,
तेरा-चौदाचा पाना दातात.
पाना काढून म्हणाला,
"बर्फ? आपला बर्फ तं पवनीहून येते.
लादीनं, भुशात गुंडाळून. मासोळीसाठी."

इथं नाव झोपते होळीनंतर.
उन्हाळी धानाला कालवा सुटला
की पाणी रोज वीतभर मागं सरतं.
घाटाच्या पायऱ्या संपतात, मग चिखल,
मग चिखलाच्या पापड्या.
आठ जणांनी दोरानं ओढून
नाव जांभळीच्या बुडाशी आणली.

कामं मात्र तीच. पुस्तकाच्या क्रमानं नाही,
काकाच्या.

आधी ड्रममधून नळीनं पाणी पाजत
वीस मिनिटं चालवायचं.
गरम झालं की काळं ऑइल मोकळं सुटतं,
सगळा गाळ घेऊन. डबा मी धरते.
हाताला चटका बसल्याशिवाय
कोणी मिस्त्री होत नाही, असं संस्थेचे सचिव म्हणाले.
सचिवांचे हात मी पाहिले आहेत.

टाकी गळ्यापर्यंत भरायची.
रिकामी ठेवली तर रात्री आतून तिला घाम सुटतो.
पंपाचा रबरी पंखा पुसून, पावडर लावून,
लहान लेकराला लावतात तीच,
माझ्या शाळेच्या डब्यात.
झाकणावर अजून खिळ्यानं कोरलेलं:
रेवता बकाराम नान्हे, सातवी ब.

धुराच्या नळीत फडकं. लालच पाहिजे.
गेल्या साली मी मळकं कोंबलं,
पोळ्यानंतर विसरून तसंच सुरू केलं.
इंजिन गुदमरलं,
आणि पलीकडच्या शाळेचे तिन्ही गुरुजी
एकदम माझ्याकडे बघू लागले.
पण फडकं नसेल तर कुंभारीण येते,
ओल्या मातीच्या गोळ्या घेऊन,
नळीत चार खोल्यांचं घर बांधते.
काका तिला शिव्या देत नाही.
"तिले कोणी सांगतलं का, हे इंजिन हाय मून?"

शेवटी इंजेक्टर काढून
सिलिंडरात दोन चमचे ऑइल,
आणि चाक हातानं, हळू.
एकतीस वर्षं या फटफटीशेजारी बसून
काकाचे कान गेले. तो हेडवर तळवा ठेवतो,
कपाळावर ठेवतात तसा,
आणि पिस्टन कुठं आहे ते सांगतो.

पुस्तक इथं संपतं. झाकून ठेवा, म्हणतं.
काकानं चाकावर खडूनं रेघ ओढली,
रेघ खाली नेली.
"दर अवसेले येजो. अर्धा फेरा देजो.
एकाच कुशीवर ठेवू नको."
रिंगा चिकटतात, मला ठाऊक होतं.
तरी विचारलं, काऊन?

तो चाकाकडेच बघत होता.
"काकी दोन वर्सं पडून होती.
डाक्टरनं गोळ्या सांगतल्या.
कूस बदलाची, हे कोणी सांगतलं नाही.
मले पाठ दिसली तवा..."
मग त्यानं पाना पुसला.
बराच वेळ पुसला.

चैत्रातल्या अवसेला मी गेले.
पत्रा हात लावू देत नव्हता.
आत डिझेलचा वास, वर मोहाचा.
रेघ वर होती.
चाकावरच्या धुळीत चार बोटं, ताजी.

मी फेरा दिला असता
तर ते पुन्हा त्याच कुशीवर आलं असतं.
पत्रा नीट लावला, निघाले.

संध्याकाळी त्याच्या ओट्यावर चहा.
त्यानं हवेत हात फिरवून विचारलं, दिला?
मी मान हलवली. नाही कशी म्हणणार होते.
तो बशीतला चहा फुंकत थांबला.
"म्हंजे," स्वतःशीच म्हणाला,
"सकाळी मले आनखी जावं लागन."