यंदा नाही

तबेल्याच्या दाराआड खुंटीवर एक कात्री आहे,
मेंढरं भादरायची, लांब पात्याची.
ओनोरीनचे सासरे, म्हातारे फुल्बेर,
तिला कुणाला हात लावू देत नसत.
नराचे केस कापायचे नाहीत, विंचरायचे नाहीत:
जटा जितक्या लांब तितका वळू खानदानी.
आठ-आठ वर्षं एकेक नर अंधारात उभा,
केसांखाली कातडं कुजतंय,
आणि बाहेर पोआतूच्या बाजारात
त्याच्या नावावर घोड्या रांगेत.

सासरे गेले त्या आठवड्यात तिने कात्री उतरवली.
तीन पोती केस निघाले.
खाली एक गाढव होतं.
बारीक. उजेडाला डोळे मिचकावणारं.

हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं,
दोर हातात देताना, जणू घराचा पत्ता सांगावा तसं.

आज एव्हरार आलाय, गेनोल्यांचा धाकटा.
कालव्याकाठी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात त्याने.
पोरांना झिपरं शिंगरू हवं फोटोला.
गाढवीचं द्या, नाहीतर घोडीवर नर घालून खेचर द्या,
मला काय, कान लांब असले की झालं.

ओनोरीन वही काढते.
पेर्व्हांश, एकवीस वर्षांची,
मागच्या वेळी दोन रात्री आडवी पडून होती.
जवळचा नर एकच, पुलापलीकडच्या लेओन्सचा,
आणि त्याच्या आजोबाचं नाव
पेर्व्हांशच्या बापाच्या रकान्यातही आहे.
ती दोन्ही नावांवर बोट ठेवते.
मी मनात म्हणतो, गोत्र एकच.
तिला त्यासाठी शब्द लागत नाही. बोट पुरतं.

मग घोडी? एव्हरार विचारतो.
घोडी धडधाकट आहे, ती म्हणते,
पण तिच्याही जातीच्या आता थोड्याच उरल्यात.
खेचर गुणी जनावर. मी वाढवलीत.
पण प्रत्येक खेचरामागे एक घोडी
स्वतःची लेक न देता एका वर्षाने म्हातारी होते.

माझ्या भाषेत खेचर म्हणजे आकाशात फिरणारंही.
पक्षी, ग्रह.
कोशात दोन्ही अर्थ शेजारी राहतात,
एकमेकांशी न बोलता.
हे मी एकदा ओनोरीनला सांगितलं होतं.
ती म्हणाली, छान,
पण खाली उतरल्यावर त्याला बांधणार कोण?

तेच ती आता एव्हरारला विचारतेय, निराळ्या शब्दांत.
सप्टेंबरनंतर पाहुणे गेले की?
पाणी चढलं, खूर भिजून पोचट झाले, तर कापणार कोण?
कोरडी जागा किती?
आणि सोबतीला दुसरं कोण?
एकच पुरे, तो म्हणतो. दोन कशाला?

वही मिटते.
आवाज होत नाही एवढी ती जुनी आहे.
यंदा नाही, ओनोरीन म्हणते,
आणि त्याला कॉफी देते, दोन चमचे साखर घालून.
त्याने तिप्पट रक्कम सांगितली.
छपराला पत्रे हवेत, हे मलाही माहीत होतं,
त्यालाही.

तो गेल्यावर तिने कात्री उतरवली.
मी दोर धरला. पेर्व्हांशच्या पोटाखालच्या गुठळ्या
एकेक करून माझ्या बुटांवर पडल्या,
ओल्या, चिखलाच्या वासाच्या.
मध्येच ती ओरडली, दोनदा,
दाराचा बिजागर कुरकुरावा तशी,
आणि पुलापलीकडून लेओन्सच्या नराने उत्तर दिलं.
आम्ही तिघांनीही ऐकलं.
ओनोरीनचा हात थांबला, मग पुन्हा चालू.

इथे दर वर्षाला एक अक्षर असतं,
त्या वर्षी जन्मलेल्यांची नावं त्यावरून.
पुढच्या वर्षी प.
पेर्व्हांश जन्मली तेव्हाही पच होतं,
सगळी अक्षरं संपून फिरून आलंय.

काही नाव ठरवलं होतंस? मी विचारलं.
हो.
कोणतं?
तिने कात्री पुसली, खुंटीला लावली.
राहू दे, म्हणाली. कुणाच्या तरी शिंगराला लागेल.