धुऊन पाठवलेलं कापड

बोस्टनमधल्या एका तळघरात बसून
मी लिलावातल्या वस्तूंची वर्णनं लिहिते.
सोमवारी टूथपेस्टची नळी आली, अर्धी पिळलेली,
पृथ्वीला सतरा प्रदक्षिणा घालून आलेली.
मी लिहिलं : टोपण मूळचंच.
मंगळवारी एक स्क्रू. त्याच्यासोबत तीन पानी प्रमाणपत्र.
माझ्या जन्माचं एकच पान आहे, तेही झेरॉक्स.

बुधवारी कझाकस्तानातून गाठोडं आलं.
खोक्यात होतं, पण होतं गाठोडंच,
चारी टोकं एकमेकांत अशी आवळलेली
की डेस्मंड कात्री शोधायला लागला.
थांब म्हटलं. ही गाठ
कुणीतरी दात लावून ओढलीय.

आत पॅराशूटचं कापड. नारिंगी, पांढरं. सहा हात.
आणि नातीचं पत्र, शब्दकोशाचं बोट धरून चाललेलं :
आजोबा ओरिनबासार मेंढ्या वळवायला गेले होते.
मार्च होता, बर्फ होतं.
आभाळातून एक काळा गोळा उतरला,
त्यातून माणूस निघाला आणि आधी ओकला.
आजीनं, कुल्याशनं, त्याला मीठ घातलेला चहा दिला.
त्यानं खिशातल्या पेन्सिलीनं कापडावर नाव लिहिलं,
तेवढं कापून दिलं.
मग हेलिकॉप्टर आलं.

पुढे त्या कापडात चार मुलं झोपली.
वादळात ते दाराला लागलं,
आत्याच्या लग्नात नवरीपुढचा पडदा झालं.
आता छप्पर गळतं, म्हणून विकतोय.
ता. क. आजीनं तीन दिवस धुतलं.
परक्याच्या घरी जाणारी वस्तू
आमच्यात मळकी पाठवत नाहीत.

मी दिव्याखाली पसरलं.
नावाच्या जागी जांभळा ढग.
ती पेन्सिलच तसली, कोरडी असेतो करडी, मुकी,
पाणी लागलं की सगळं सांगून टाकते
आणि मग काहीच वाचता येत नाही.

चाळीस हजारांची सही होती गं, डेस्मंड म्हणाला.
आणि आता?
आता कापड आहे.

'स्थिती' या रकान्यापुढे मी लिहिलं : स्वच्छ.
खोडलं.
लिहिलं : जांभळा डाग, मध्यभागी.
तेही खोडावंसं वाटलं, पण छापखान्याची वेळ झाली होती.

गुरुवारी टोलेडोहून फोन आला, लोवेल प्रुइट, निवृत्त दंतवैद्य.
हे लोक कागद विचारतात, शिक्के विचारतात.
यानं विचारलं, वास कसला येतो?
मी नाक लावलं. साबण. शेणाचा धूर.
खोल कुठेतरी मेंढीची चरबी.
आणि वरचा? तिथला?
नाही, म्हटलं. तिथला काही येत नाही.
तो बराच वेळ बोलला नाही.
त्याच्याकडचं घड्याळ मला ऐकू येत होतं.

शनिवारी एक हातमोजा घराच्या किमतीला गेला,
टाळ्या पडल्या.
कापडाला एकोणीस सेकंद लागली.
नऊशे डॉलर, टोलेडो, फोनवरून.
आमचं कमिशन, टपाल, बँकेचा कट वजा जाता
छपराचा एक कोपरा होईल. पावसाकडचा असला तर बरं.

रात्री नातीची ओळ आली :
आजी विचारते, तो जांभळा डाग निघाला का तुमच्याकडे?
तिनं हात सोलेपर्यंत घासला,
जितका घासला तितका पसरला.
तिला लाज वाटते.

एकोणीस वर्षांत मी पुराव्याशिवाय वाक्य लिहिलेलं नाही.
लिहिलं : निघाला. आजींना सांगा, छान निघालाय.

सोमवारी टोलेडोचं पार्सल बांधलं.
चारी टोकं घेतली, ओढली, दातसुद्धा लावून पाहिले.
तशी गाठ काही बसेना.
शेवटी डेस्मंडनं वरून टेप लावली.