एसी बंद ठेवण्याबाबत

शुक्रवारच्या बाजारात, पोपटांच्या पिंजऱ्यांपलीकडे,
दीड दिनारला एक, असे चार मोती गुरामी घेतले
आणि दुकानदाराला विचारलं, यातला नर कुठला?
दोन्ही आहेत, दोन्ही आहेत, म्हणत
त्यानं पिशवीला रबर लावलं.

फहाहील, तिसरा मजला, एका खोलीत दोघं.
मुनाफ होडेकर राजिवड्याचा,
आज्याच्या आज्यापासून सगळे दर्यावर.
काचेला नाक लावून म्हणाला,
आमच्यात नर की मादी ते चिरल्यावर कळतं.
गाभोळी निघाली की मादी.
न चिरता ओळखायचं म्हणजे सबुरी पाहिजे.

सबुरी लागलीच.
पाठीवरचा पर टोकदार, शेपटीपर्यंत लांबलेला, तर नर.
आखूड आणि गोलसर, तर मादी.
ऐकायला सोपं.
पण बघायला गेलं की चौघंही नेमका पर मिटून घेत,
मेसमध्ये कुणी पगार विचारला
की लोक ताट उचलतात तसे.

तिसऱ्या आठवड्यात एकाचा गळा रंगला.
आधी हळदीच्या पाण्यासारखा,
मग पिकल्या पपईचा गर.
दोघींची पोटं भरलेली.
चौथ्याबद्दल आमचं अजून एकमत नाही.

पाणी मीच गोडं केलेलं.
शुऐबाला आमचा प्लांट समुद्र आत ओढतो,
मीठ त्याचं त्याला परत करतो,
उरतं ते सगळं गाव पितं.
त्यातलंच दोन बादल्या
क्लोरीन उडावा म्हणून रात्रभर उघडं ठेवलं.
टाकीत वीतभरच भरलं, फिल्टर बंद केला,
वर थोडं शेवाळ तरंगत सोडलं
आणि नराला त्याच्या थुंकीवर सोपवलं.

दोन दिवस तो वर जाऊन तोंडभर हवा आणत होता.
बुडबुड्याला बुडबुडा लावत होता.
जोरात दार आपटलं की अर्धं घर विरायचं.
तो काही न बोलता पुन्हा वर.

तिसऱ्या दिवशी ती घरट्याखाली आली.
तो तिच्याभोवती वाकला, पार मिटला,
क्षणभर दोघंही थरथरत आडवे.
मुनाफनं टीव्हीचा आवाज कमी केला.
मग मोहरीहून बारीक दाणे
खाली पडण्याऐवजी वर वर जायला लागले.
गाभोळी, तो हळूच म्हणाला,
न चिरता.

मादीला लगेच दुसऱ्या भांड्यात हलवली,
नाहीतर तो तिला फाडून खातो.
पिल्लं पोहायला लागली तसा त्यालाही हलवला,
नाहीतर तो पिल्लांना खातो.
बापपणाची मुदत तीनेक दिवस.
पुढे आम्ही. उकडलेल्या अंड्याचा बलक
मुनाफच्या जुन्या बनियनमधून गाळून, सुईच्या टोकावर.

मग तो आठवडा आला
ज्यात पिल्लांच्या डोक्यात हवेचं इंद्रिय तयार होतं.
तेव्हा पाण्यावरची हवा पाण्याइतकीच ऊन हवी,
थंड झोत लागला की सकाळी सगळी तळाशी.
आमचा एसी बरोबर टाकीवर.
आणि ऑगस्ट. रात्री अकराला बाहेर अडतीस.
मी दिवसभर कंट्रोल रूममध्ये बसणारा.
मुनाफ रिगर, उन्हात लोखंड बांधणारा,
संध्याकाळी त्याच्या मनगटावर मिठाचे पट्टे.
त्याला हे कसं सांगायचं
याची मी दोन दिवस वाक्यं जुळवली.

त्यानं ऐकलं. रिमोटमधले सेल काढले,
कपाटावर ठेवले,
टॉवेल ओला करून छातीवर घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.
चार दिवस आमच्यात फारसं बोलणं नव्हतं.

चौथ्या रात्री जाग आली तर
तो टाकीपाशी उकिडवा, मोबाइलचा दिवा हातानं झाकलेला,
पाठीवरून घाम निथळतोय.
एक वर आलं, म्हणाला. तोंड लावलं आणि गेलं खाली.
श्वास घेतला त्यानं. आपल्या खोलीतला.

मी उठून शेजारी बसलो.
आणखी एक आलं. मग तीन एकदम.
नर असेल की, मी सुरुवात केली.
गप, मोजतोय.
एक्केचाळीसपर्यंत गेला,
मग ती हलली म्हणून पुन्हा पहिल्यापासून.