खिळा न ठोकता

शमिका, खोली उद्यापासून तुझी, लॅपटॉप आजपासून.
पण आधी ऐक.
याच्या मुळाला हात लागत नाही.
मूळ यंत्रणा वाचायला उघडी, लिहायला बंद.
घणसोलीतल्या या खोलीसारखंच समज.
करारनाम्यात पाटीलकाकांनी पेनाने वाढवलेली ओळ:
भिंतीस खिळा मारू नये.
चार वर्षं माझं कॅलेंडर फ्रिजवर चुंबकाने चिकटलंय
आणि भिंत तशीच पांढरी आहे.
सुरुवातीला राग यायचा. दोन्हींचा.

काही हवं असलं की कंटेनर उघडायचा.
हा शब्द मला कुणी शिकवावा लागला नाही.
बाबा कळंबोलीहून न्हावा-शेव्याला ट्रेलर न्यायचे,
चाळीस फुटी पेटी, दारावर नंबर, कडीला सील.
आत मशीनचे पार्ट असोत की मीठ लावलेली कातडी,
ट्रेलर तोच.
पण पेटीवर नाव नसेल तर सगळी रात्र गेटवर.

म्हणून नाव दे.
टेस्ट, टेस्ट दोन, नवा टेस्ट, असलं काही नको.
माझ्याकडे एकदा नऊ होते,
कशात काय ते मी मलाच विचारायचे
आणि उत्तर यायचं नाही.
कॉलेजच्या प्रोजेक्टचा एक, रबाळ्याच्या नोकरीचा एक,
आणि एक उनाडक्यांसाठी,
रविवारी मोडला तरी सोमवार अडणार नाही असा.
मोड खुशाल.
दुरुस्तीत रात्र घालवू नकोस.
आत काय काय टाकलं होतं ते एका फाईलीत लिहून ठेव,
ती चालवली की चहा उकळेपर्यंत नवा उभा राहतो.

प्रॉम्प्टचा रंग बदलून घे.
आत असलीस तर हळदी, बाहेर पांढरा.
आता पोरखेळ वाटेल.
रात्री दोन वाजता नाही वाटणार.

मला वाटला होता.

कंटेनरला भिंती असतात एवढं ऐकलं होतं,
घर त्यातून आरपार जातं हे ऐकलं नव्हतं.
आत बसून जागा साफ करत होते,
इथलं पुसलं तर इथलंच जाईल म्हणत
एक फोल्डर उडवला.
त्यात बाबांच्या ट्रिपवहीचे फोटो, अकरा वर्षांचे,
फंडाच्या दाव्यासाठी वकिलाला द्यायचे.
बाहेर आले. बाहेरही नव्हते.
मग यंत्रणा मागच्या आवृत्तीवर नेली.
एक रीस्टार्ट, आणि गेल्या आठवड्याची यंत्रणा
जशीच्या तशी हजर, निमूट.
घर नाही आलं.
मागे जाता येतं ते फक्त भिंतींना.

बाबा फोनवर म्हणाले, अगं, वही आहे ना.
शनिवारी कळंबोलीला गेले.
डिझेलचा वास, पाणी पिऊन फुगलेला पुठ्ठा.
ते पानं उलटत गेले, मी फोटो काढत गेले, सहाशे बारा.
एका पानावर बोट ठेवून थांबले.
"ही पेटी परत आली होती. पत्ताच चुकीचा."
आणि एकटेच हसत बसले.

तेव्हा घराची नक्कल दुसऱ्या डिस्कवर, दर शुक्रवारी.
कंटेनरला वेगळं घरही देता येतं,
पण ते बनवतानाच सांगावं लागतं. सवडीने बघ.
जुन्या प्रतिमा साचतात, त्या महिन्याला झाड,
नाहीतर डिस्क भरली म्हणून मला फोन करशील.

थेट मुळात पॅकेज बसवायचा मोह होईल.
प्रत्येकाला एक रीस्टार्ट,
आणि पुढच्या दर अपडेटला त्याचं गाठोडं पाठीवर.
मी दोन बसवलीत. यादीत दिसतीलच,
काही बोलू नकोस.

पाटीलकाका उद्या दहाला भिंती बघायला येतील.
फ्रिज सरकवू देऊ नकोस.
मागे एक बारीक भोक आहे, पहिल्याच महिन्यातलं,
टूथपेस्टने बुजवलेलं.