रंजक

विहिरीच्या पाचव्या परसाला
पाण्याआधी गारगोटी लागली.
दस्तगीर मामूनं ती जिभेला लावून बघितली,
उन्हात धरली,
म्हणाला, "पाणी लागंल तवा लागंल,
ही मला देऊन टाका."
वडील हसले. दिली.

त्यानं कोयत्याच्या पाठीनं फोडून
नखाएवढा टवका काढला,
चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून
घोड्याच्या दातांत आवळला.
बंदुकीलाही घोडा असतो
आणि तो जागच्या जागी उडी मारतो,
हे मला तेव्हा कळलं.

बंदूक त्याच्या पणज्याची, ठासणीची.
दस्त्यावर पितळेची पट्टी,
पट्टीवर झिजलेली फारसी अक्षरं,
त्याला वाचता येत नव्हती, मला तर नाहीच.
"काय लिहिलंय मामू?"
"लिहिलंय, घाई करू नको."

दारू घरचीच.
सोरा, गंधक, तुरीच्या काड्यांचा कोळसा,
पाट्यावर ओला करून वाटलेला.
मामी आतून ओरडायची,
त्याच पाट्यावर मी चटणी वाटती, मुडद्या!

पौषातली पहाट. मन्याडवरून धुकं
आमच्या शिवारात उतरलेलं.
मी नऊ वर्षांचा, माझ्याकडे एकच काम :
दारूची शिंगडी सदऱ्याच्या आत,
पोटाशी कोरडी ठेवायची.
हरभऱ्याची आंब भेगाळलेल्या टाचांना झोंबत होती.
भूक लागली होती.
दोन डहाळे उपटले, सदऱ्यात कोंबले,
घाटे सोलत चाललो त्याच्या मागं.

मग बांधाच्या पलीकडे काळवीट.
पिळून दांडीवर टाकायचं राहून गेलेलं धुणं
तशी शिंगं.
तोही हरभराच खात होता.

मामूनं माझ्याकडून शिंगडी घेतली,
नळीत दारू, चिंधी, गोळी,
गजानं तीनदा ठासलं,
काना उघडून चिमूटभर रंजक.
चाप ओढला.

घोडा पडला. ठिणगी उडाली,
रंजक फुस्सकन पेटली, पांढरा धूर,
आणि पुढं काहीच नाही.

काळवीटानं मान वर केली.
तोंडातला घाटा चावायचा थांबला.
त्यानं आमच्याकडं बघितलं,
आम्ही त्याच्याकडं,
माझ्याही तोंडात घाटा तसाच.
मग एक उडी, दुसरी,
तिसरी धुक्यातच.

"हलू नको," मामू म्हणाला.
"आत निखारा असंल तर मागून उडतीय.
शंभर मोज."
तो त्याच्या बोलीत मोजू लागला, मी माझ्या,
रिकाम्या बांधावर नळी रोखून.
त्याचे शंभर आधी झाले.
मी एकोणऐंशीला अडखळलो होतो,
तो थांबला, माझे होईपर्यंत.

मग त्यानं शिंगडी हातात घेतली. ओली.
माझ्या सदऱ्याकडं बघितलं. ओला.
डहाळ्यांचे दहिवर पोटावरून ओघळत होते.
मी मार खायला गाल पुढं केला.
त्यानं सदऱ्यात हात घालून
एक डहाळा काढला
आणि बांधावर बसून खाऊ लागला.

आता त्याला खूप वर्षं झाली.
कुठल्याशा निवडणुकीला बंदूक मुखेडच्या ठाण्यात जमा केली,
ती तिथंच राहिली. पावती मामीच्या पेटीत आहे,
पेटीसकट लेकीच्या घरी.
आणि आता काळवीट मारणं तर सोडा,
त्याच्याकडं दगड भिरकावतानाही
आजूबाजूला बघावं लागतं.

लाईट रात्री येते म्हणून मी रात्री शेतात असतो.
प्लास्टिकच्या नळीत कार्बाईड, पाणी, लायटर :
धडाम!
कुत्री भुंकतात, टिटवी ओरडत सुटते,
शेजारचा कोंडिबा शिव्या देतो.
कळप मान वर करतो,
नुसता आवाज आहे म्हणतो,
पुन्हा खाली घालतो.

मोटरीच्या पेटीचं झाकण वाऱ्यानं वाजतं,
त्यावर उरलेली गारगोटी ठेवलीय.
कधी मोटर बंद पडली, काळोख झाला,
की विळ्यावर घासून बघतो.
जळक्या केसांसारखा वास येतो.
तेवढ्या उजेडात
काही दिसत नाही,
पण समोर कुणीतरी
चावायचं थांबतं.

मी मोजायला लागतो.
अजून एकोणऐंशीलाच अडखळतो.