मडक्याचा भाव

खेळातल्या त्या गावात, नदीच्या वळणावर,
एक म्हातारा कुंभार बसतो.
त्याच्याकडे मडकं नऊ मोहरांना मिळतं.
तेच मडकं त्यालाच परत द्या,
तो अकरा देतो.
वर म्हणतो, "सुखी राहा, वाटसरू."

कुणीतरी घाईत आकडे उलटे लिहिले असणार,
महापेच्या चौथ्या मजल्यावर, शुक्रवारी संध्याकाळी.
मला माहीत आहे. मी तिथेच बसते.
माझं काम भोकं शोधायचं.
भिंतीतून आरपार जाता येतं का,
मेलेला लांडगा दुसऱ्यांदा मरतो का.
रोज आठ तास मी सगळं चुकीचं करून बघते
आणि त्याचा मला पगार मिळतो.

हे भोक मात्र मला सापडलं नाही.
जितेशला सापडलं.

घणसोली गावठाणात, आमच्या दुसऱ्या मजल्यावर
(कागदावर हा मजला अजून गच्चीच आहे,
नोटीस कपाटात, आईच्या दोन साड्यांच्या मध्ये)
रात्री साडेअकराला तो हेल्मेट काढतो,
सुकट-भात खातो, हात पँटला पुसतो
आणि मडकी विकायला बसतो.
घ्या, द्या. घ्या, द्या.
अंगठ्याला इतकी सवय की डोळे मिटले तरी चालतं.
एका रात्रीत चारशे वेळा
"सुखी राहा, वाटसरू."

"अरे, हा रडीचा डाव झाला," मी म्हटलं.

"डाव कुणाशी? म्हातारा गरीब झाला का?"
नव्हता झाला. त्याच्या थैलीला तळच नाही.
"आज पंधरावी ऑर्डर, सात मिनिटं हातात,
दुसऱ्याला गेली. पंधरा झाल्या तरच बोनस.
रोज चौदावरच का अडतं, ते शोध की.
तुझं कामच आहे ना ते?"

मी ताट उचललं.

लहानपणी देवळामागे लपाछपी खेळताना
जितेश सगळ्यात धाकटा, म्हणून कच्चा लिंबू.
सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही.
नियम मोडला असं कुणी म्हणालं नाही.
ते भोक आम्हीच पाडलं होतं, त्याच्या मापाचं,
आणि तो त्यातून खिदळत पळायचा.
एके दिवशी आला आणि म्हणाला,
मला खरं घ्या.
पहिल्याच डावात राज्य आलं त्याच्यावर.
भिंतीला कपाळ टेकवून शंभर मोजताना
त्याचे कान लाल झाले होते.
रडला असेल म्हणून मी वाकून पाहिलं.
हसत होता.

सोमवारी मी नोंद केली.
गांभीर्य: मध्यम.
"खेळाडूचं नुकसान" या रकान्यापाशी
चहा गार होईपर्यंत थांबले.
मग लिहिलं, शेवटचा राक्षस तीन घावांत मरतो,
त्याच्यासाठी रचलेलं संगीत कुणी ऐकतच नाही.
ते खरं होतं.
लिहायला सोपंही होतं.
खाली अजून एक रकाना:
"आधी मिळवलेल्या मोहरा काढून घ्याव्यात का?"

गुरुवारी दुरुस्ती गेली.
रात्री जितेशनं मडकं पुढे केलं.
कुंभारानं सात दिल्या.
"सुखी राहा" तेवढं तसंच ठेवलंय.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.
मग पंख्याला म्हणाला,
"आपल्या बाजूचं भोक बघ कसं लगेच बुजतं."

खाली गल्लीत कुणीतरी बाइक स्टँडवर चढवली.
आई झोपेत कूस बदलून काहीतरी पुटपुटली.

"पण थैलीतल्या तशाच आहेत गं.
नव्वद हजार. एकही गेली नाही."

आता तो माझ्याकडे बघत असणार.
मी भिंतीकडे तोंड करून
फळीवर भांडी लावत होते,
मनातल्या मनात मोजत,
अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,
पूर्ण शंभर होईपर्यंत
मागे वळायचं नाही.