रुमालाखाली

साखर पहाटे पुण्याहून निघते, शिशाच्या डब्यात.
साताऱ्यापर्यंत तिची धग निम्मी,
इथं पोचेस्तोवर पावसुद्धा नाही.
"कडता लावा की मग," मलगोंडा तोलार म्हणतो.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात त्यानं
गुळाचे रवे काट्यावर चढवले.
नखानं टवका काढून सांगायचा,
ऊस भोगावतीकाठचा की पंचगंगेचा.
आज गोडी शिरेतून.

तासभर पडून राहायचं, बोलायचंही नाही फार.
पण तो विचारतो, आणि मी सांगते:
तुमच्या आत आता एक उलटा कण
मिलिमीटरभर भटकतो, सुलट्याला भेटतो,
दोघंही संपतात.
उरतात दोन किरण, पाठीला पाठ लावून निघालेले,
एक रंकाळ्याकडं, तर दुसरा जोतिबाच्या डोंगराकडं.
कोण उभा थरथरतो, कोण आडवा,
त्यांचं त्यांनाही ठरलेलं नसतं.
ठरलेलं एवढंच, की एक उभा तर दुसरा आडवा.

"रुमालाखालचा सौदा म्हणा की.
वडगावच्या बाजारात बा माझा असाच बैल घ्यायचा.
दोन हात, वर रुमाल, बोटं दाबायची.
मधी कुणी डोकावलं, की गेला सौदा."

डोकावायला माणूसच लागतो असं नाही, काका.
बरगडी पुरते.
किरण घासला, वाट वाकडी झाली,
की गुपित बरगडीला, तिथून रक्ताला,
रक्तातून खाटेला, भिंतीला,
ज्याला त्याला इतकं थोडं थोडं
की परत गोळा होत नाही.
वाईट कुणी नसतं त्यात. ऐकू जातं, बस.

मग मी काचेआड.
मशीन वाकडे किरण गाळतं, सरळ जोड्या जोडतं,
आणि पडद्यावर, यकृताच्या खाली,
जिथं असू नये तिथं
गोडखाऊ उजेड.

मी चेहरा घट्ट धरते.
पण तोलार आहे तो.
काटा हलायच्या आधी ओळखतो.
"भाव कळला जणू?"
"डॉक्टर सांगतील."
"व्हय."
"संध्याकाळपर्यंत नातीला मांडीवर घेऊ नका."
"व्हय."

रात्रीपासून उपाशी. खिशातली पुडी सोडतो,
गुळाचा खडा टेबलाच्या कडेवर मोडतो.
तोलाराचा हात, तरी एक तुकडा जरा मोठा.
कुठला कुणाचा,
अजून कुणीच उचललेला नाही.